एकट्याचा तंबू, दोन काठ्या: बुशवॉकिंगसाठी डर्स्टन एक्स-मिड १

सह्याद्रीत तीन किलोचा डोम तंबू तिघांच्या सॅकमध्ये वाटून नेणारी मंडळी ऑस्ट्रेलियात गेली आणि एकटीने बुशवॉकिंगला, म्हणजे तिथल्या रानवाटांच्या ट्रेकला, निघाली, की पहिला प्रश्न तंबूचाच पडतो. पाच-सहा दिवसांचा शिधा, गॅस आणि गरम कपडे पाठीवर असताना तंबूने एक किलोच्या वर जाऊ नये. या वजनात आणि अडीचशे अमेरिकन डॉलरच्या आसपास जे मिळतं, त्यात कॅनडाच्या डॅन डर्स्टन यांनी बेतलेला एक्स-मिड १ सर्वांत हिशेबी वाटतो. सगळ्या वाटांसाठी मात्र नाही. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर त्याच्याशी थोडं झुंजावं लागतं, त्याबद्दल पुढे.

आधी वजनाचं. जाहिरातीत ‘ट्रेल वेट’ म्हणून जो आकडा असतो, त्यात बहुधा खुंट्या, ताणदोऱ्या आणि पिशवी धरलेली नसते. एक्स-मिडचा फ्लाय (पाऊस अडवणारं बाहेरचं कापड) आणि इनर (झोपायची आतली खोली) मिळून सुमारे ८०० ग्रॅम. त्यात आठ वाय-आकाराच्या ॲल्युमिनियम खुंट्या, जादा दोरी आणि पिशवी घातली की काटा ९०० ते ९५० ग्रॅमवर जातो. तंबू उभा राहतो तो दोन ट्रेकिंग पोलांवर, म्हणजे चालताना हातात धरायच्या काठ्यांवर. तुम्ही पोल वापरतच नसाल तर त्यांचंही वजन यात मिळवा, मग हा तंबू ‘हलका’ उरत नाही. पोल दोनच हवेत, साधारण ११५ सेंटिमीटरपर्यंत लांब होणारे आणि खटक्याच्या लॉकचे. पिळून घट्ट करायचे पोल वाऱ्याच्या झटक्यांनी रात्रीत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली सरकतात आणि पहाटे फ्लाय लोंबलेला दिसतो.

उभारणी सोपी आहे, पण चूक नेहमी एकाच जागी होते. फ्लायचा पाया सुमारे अडीच मीटर बाय पावणेदोन मीटरचा काटकोन चौकोन आहे. तो जमिनीवर तिरपा ठोकला गेला की एक बाजू ताठ आणि दुसरी ढिली राहते, मग पोल कितीही वर-खाली केले तरी सुरकुती जात नाही. म्हणून आधी दोन्ही दारांच्या चेन पूर्ण लावायच्या. एक लांब बाजू ताणून दोन खुंट्या ठोकायच्या, मग उरलेले दोन कोपरे काटकोनात खेचून ठोकायचे. चारही पट्टे या वेळी थोडे सैल ठेवायचे. मग एक दार उघडून पोलचं टोक वरच्या कडीत घालायचं, मूठ जमिनीवर टेकवायची आणि पोल लांबवत न्यायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. शेवटी चारही कोपरे पुन्हा ताणायचे. हात बसला की तीन-चार मिनिटांचं काम. वारा असेल तर दोन्ही शिखरांच्या ताणदोऱ्या हव्यातच; त्या नसल्या की लांब बाजूचं कापड आत दबतं आणि पोल कलतो.

फ्लाय आधी उभा राहतो, इनर नंतर आतून अडकवता येतो. भर पावसात तंबू लावायचा असेल तर ही गोष्ट शंभर ग्रॅम वाचवण्यापेक्षा मोलाची. इनर तिरका लटकतो, त्यामुळे सहा फुटी माणसाची स्लीपिंग बॅग पायाशी कापडाला घासत नाही आणि दोन्ही बाजूंना सॅक, बूट, स्टोव्ह ठेवायला प्रशस्त ओसरी मिळते. एवढ्या जागेचा एकांडा तंबू या किमतीत क्वचितच दिसतो.

कापड पॉलिएस्टरचं आहे, हे महत्त्वाचं. सिलिकॉन लावलेलं नायलॉन भिजलं की ताणतं; संध्याकाळी ताठ लावलेला तंबू मध्यरात्री उठून पुन्हा खेचावा लागतो. पॉलिएस्टर फारसं ताणत नाही. शिवणींना कारखान्यातच टेप लावलेली येते, त्यामुळे घरी सीलंटची ट्यूब घेऊन बसायला नको.

बाष्प मात्र कुठल्याच हलक्या तंबूला चुकलेलं नाही. निरभ्र, निवांत रात्री ओढ्याकाठच्या गवतात तंबू लावला की फ्लाय आतून पाझरणारच. तिथून वीस-तीस मीटर वर झाडीच्या कडेला जा, हवेच्या दोन्ही झडपा उघड्या ठेवा, जमल्यास एक दार गुंडाळून ठेवा. कडेला म्हणजे निलगिरीच्या फांदीखाली नव्हे! ऑस्ट्रेलियातली ही झाडं वारा नसतानाही अख्खी फांदी टाकतात. इनर जाळीचा की बंद कापडाचा? किनाऱ्यालगतच्या उबदार वाटांना जाळी. व्हिक्टोरियाचे उंच डोंगर आणि टास्मानियाला बंद कापडाचा, कारण फ्लायखालून घुसणारा गार वारा जाळी अडवत नाही. फ्लाय एकटा नेऊन वजन वाचवायचा मोह डास आणि जळवांच्या प्रदेशात आवरावा.

आता टास्मानिया. ओव्हरलँड ट्रॅक ६५ किलोमीटरचा, १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात आगाऊ नोंदणी लागते आणि झोपड्यांत राहायचं ठरवलं तरी तंबू जवळ असावाच लागतो. तिथे बऱ्याच ठिकाणी तंबू लाकडी फलाटावर लावायचा असतो. फलाटात खुंटी ठोकता येत नाही आणि एक्स-मिड खुंट्यांशिवाय उभाच राहत नाही. उपाय आहे: दोन मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येकी दोन मीटरच्या सहा दोऱ्या न्या. कोपऱ्यांना बांधून त्या फलाटाच्या कड्यांत किंवा साखळीत ओवा. कडी नको तिथे असेल तर दोन फळ्यांच्या फटीत खुंटी आडवी अडकवून दोरी तिला बांधा. राजगडाच्या कातळावर दगडाला दोरी बांधून तंबू लावलेल्यांना हे नवं नाही, पण इथे पंधरा मिनिटं धरून चाला. फलाट अरुंद असला तर पावणेदोन मीटरची रुंदी बाहेर लोंबते.

रोज फलाटावरच झोपायचं असेल तर स्वतःचे दांडे असलेला बिग ॲग्नेस कॉपर स्पर यूएल१ सोयीचा. वजन साधारण एक किलो, ट्रेकिंग पोल लागत नाहीत, जागाही कमी खातो. खोट अशी की इनर आधी उभा राहतो, म्हणजे पावसात तो भिजतो. आणि ओसरी ताणायला दोरी लागतेच. झेडपॅक्सचा प्लेक्स सोलो ४०० ग्रॅमच्या आत बसतो, पण तो एकाच थराचा, आतलं बाष्प थेट अंगावर, आणि किंमत एक्स-मिडच्या दुपटीहून अधिक. पहिला तंबू म्हणून तो घेऊ नये.

सामान कुठे ठेवायचं याचाही विचार हवा. ओव्हरलँडवरचे काळे करावाँग पक्षी चोचीने सॅकची चेन उघडतात. पॉसम नावाचे प्राणी तर खाण्याच्या वासाने तंबूच कुरतडतात, त्यामुळे ओसरीत अन्न मोकळं ठेवू नये.

परतल्यावर चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढा. चेन बंद होऊनही मागे दात उघडेच राहत असतील तर दोष बहुधा दातांचा नसतो, झिजलेल्या सरकपट्टीचा असतो. पक्कडीने ती दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली की काही काळ काम भागतं. खुंट्या आणि बूट धुऊनच पुढच्या वाटेला जा, कारण झाडांची मुळं कुजवणारा फायटॉप्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मातीतून पसरतो. आणि हाच तंबू भारतात नेऊन सह्याद्रीत वापरलात, तर ऑस्ट्रेलियात परतताना विमानतळावर भरायच्या कार्डावर सामानाला लागलेल्या मातीच्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहा.