सध्या काय वाचताय? माझं 'वाडा चिरेबंदी' चालू आहे

ग्रुपवर सगळे सांगून राहिले काय वाचताय ते, तर माझं महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' चालू आहे. 1985 मधे पहिल्यांदा स्टेजवर आलं, पण बाप्पा, आजही ताजं वाटते! नाटक वाचायला बोअर होते असं म्हणणाऱ्यांनी तर आधी हेच घ्या.

वाड्यातले कर्ते तात्याजी गेलेत, त्यांचा मुंबईचा मुलगा सुधीर बायको अंजलीला घेऊन गावी आलाय, आणि तेरवीचा खर्च कोण करणार यावरून घर आतून उसवत जाते, कोणी फार ओरडत नाही तरी आपला जीव घुसमटतो. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर तसाच उभा, आणि घरातली थोरली सून, वहिनी, रात्री घरातले दागिने अंगावर घालते तो सीन, मी तिथे पुस्तक बाजूला ठेवून बसलो नुसता. सुधीरच्या बहिणीचं, प्रभाचं शिक्षण अडवलं त्याचा राग अजून जात नाही, अशा आत्या आपल्या किती घरात आहेत राजेहो.

भाषा आपली वऱ्हाडी वळणाची, मोठ्यानं वाचा, मजा येते. सुरुवातीला कोण कोणाचं कोण हे लावायला जरा वेळ लागते आणि अंजलीला अजून जागा पाहिजे होती असं मला वाटते, बाकी पाचपैकी पाच. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' आहेत, तिन्ही क्रमानंच वाचा. नागपुरात सीताबर्डीवर कोणाला 'युगान्त' दिसलं तर दुकान सांगा प्लीज.