नॉर्थ डकोटाची ‘एनडी रोड्स’ सेवा : तेलक्षेत्रातल्या हिवाळी वाहतुकीसाठी कितपत भरवशाची?

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या परिवहन विभागाची ‘एनडी रोड्स’ ही सेवा मोबाइल ॲपवर आणि संकेतस्थळावर मोफत मिळते. ५११ या क्रमांकावर फोन करूनही रस्त्यांची स्थिती कळते. विलिस्टन आणि वॉटफर्ड सिटीच्या परिसरातील बाकन तेलक्षेत्रात कच्चे तेल, तेलविहिरीतून निघणारे खारे पाणी आणि फ्रॅकिंगची (उच्च दाबाने खडक फोडून तेल काढण्याच्या पद्धतीची) वाळू वाहणाऱ्यांना हिवाळ्यात हिच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही, असे माझे मत आहे. मात्र बर्फ कुठे पडला एवढेच पाहण्यासाठी जो ती उघडतो, त्याला तिचे निम्मेच मोल कळलेले असते.

तिच्या सूचनांमधील नेमकेपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘प्रवास टाळावा’ असा इशारा असला तरी महामार्ग खुला असतो. पण बर्फ हटवणारी वाहने माघारी बोलावलेली असू शकतात आणि अडकलेल्या चालकापर्यंत मदत वेळेवर पोहोचेलच असे नाही. ‘रस्ता बंद’ ही मात्र आज्ञा असून अडथळा ओलांडणाऱ्याला २५० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तिसरी सूचना अतिरुंद आणि अतिजड मालासाठी असते, आणि ती लागू झाली की रीतसर परवाना काढलेला असूनही रिगचे (विहीर खोदणाऱ्या यंत्रणेचे) सुटे भाग नेणाऱ्या ट्रकला थांबावे लागते. आकाश निरभ्र असताना आधीच पडलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडून समोरचे काही दिसेनासे होणे या सपाट प्रदेशात नेहमीचे आहे. त्यामुळे केवळ खिडकीतून बाहेर पाहून गाडी काढण्यात अर्थ नसतो.

या माहितीला कायद्याच्या दृष्टीनेही वजन आहे. आंतरराज्य मालवाहतुकीच्या केंद्रीय नियमांनुसार १४ तासांच्या पाळीत ११ तास गाडी चालवता येते आणि अनपेक्षित प्रतिकूल हवामानात २ तासांची सवलत मिळते. २०२० च्या दुरुस्तीपासून ही सवलत पाळीच्या १४ तासांनाही लागू आहे. पण ती परिस्थिती निघण्यापूर्वी चालकाला किंवा गाडी पाठवणाऱ्या कंपनीला ठाऊक नसावी, किंवा वाजवी प्रयत्नाने कळण्यासारखी नसावी, अशी अट आहे. पहाटेच या सेवेच्या नकाशावर इशारा झळकत असेल, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे उत्तर टिकणे कठीण आहे. म्हणून ट्रक सोडण्यापूर्वी नकाशा पाहून त्याची वेळेसह नोंद ठेवणे प्रत्येक डिस्पॅचरने (गाड्या रवाना करणाऱ्याने) कामाचाच भाग मानले पाहिजे.

मोठी उणीव शेवटच्या टप्प्यात जाणवते. हा नकाशा मुख्यतः आंतरराज्य आणि राज्य महामार्गांविषयी बोलतो, तर तेलविहिरी बहुधा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) खडीच्या रस्त्यांच्या टोकाला असतात. हे रस्ते गोठलेले असताना भार चांगला पेलतात. वसंतात वरचा थर वितळला की त्यातले पाणी खालच्या गोठलेल्या थरावर अडून राहते, पाया मऊ पडतो आणि वजनमर्यादा घटवावी लागते. जादा भारासाठी तेलक्षेत्रातील काउंट्यांचे परवाने ‘लोडपास’ या वेगळ्या प्रणालीतून काढावे लागतात. हे सारे एकाच नकाशावर दिसू लागेपर्यंत, महामार्ग मोकळा दिसला तरी काउंटीच्या रस्ते विभागाकडे चौकशी केल्याशिवाय भरलेला ट्रक विहिरीकडे वळवू नये.