एलडीएच किट: पेशी फुटली हे कळतं, कशामुळे फुटली ते नाही

आमच्या लॅबमध्ये बर्ड फ्लूच्या एच7एन9 स्ट्रेनमधल्या पीबी1-एफ2 प्रोटीनवर काम चालतं. जिवंत व्हायरस नाही, नुसतं सिंथेटिक पेप्टाइड, त्यामुळे बीएसएल-3 ची (धोकादायक जंतूंसाठीच्या जास्त सुरक्षित लॅबची) गरज पडत नाही. हे पेप्टाइड उंदराच्या मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) टाकलं की एनएलआरपी3 इन्फ्लमझोम हा पेशीतला धोक्याचा अलार्म चालू होतो, कॅस्पेस-1 हे एन्झाइम जागं होतं, ते गॅसडर्मिन डी हे प्रोटीन कापतं आणि त्याचे तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात, आयएल-1 बीटा हे दाह वाढवणारं प्रोटीन बाहेर पडतं आणि शेवटी पेशी फुगून फुटते, हेच पायरोप्टोसिस. 2013 पासून एच7एन9 च्या 1,568 केसेस कन्फर्म झाल्या, जवळजवळ सगळ्या चीनमध्ये, त्यातले 616 जण गेले, म्हणून फुफ्फुसात एवढा दाह का भडकतो हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

तर फुटलेल्या पेशी मोजायला हे एलडीएच किट घेतलं. एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, पेशीच्या आत असणारं एन्झाइम, ते बाहेर किती आलं हे किट रंगावरून दाखवतं. वापरायला खरंच सोपं आहे, वरचं मीडियम नव्या प्लेटमध्ये घ्यायचं, रिएजंट टाकायचं, अंधारात अर्धा तास ठेवायचं, स्टॉप सोल्युशन टाकून 490 नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. एलपीएस आणि निजेरिसिन (इन्फ्लमझोम हमखास चालू करणारी जोडी) दिलेल्या वेल्स, म्हणजे प्लेटमधले खड्डे, डोळ्यांना दिसतील अशा लालभडक होतात आणि साध्या वेल्स फिक्या राहतात, रीडरला प्लेट लावायच्या आधीच अंदाज येतो. ट्रिप्लिकेट्स (एकाच सॅम्पलच्या तीन वेल्स) पण छान जुळतात, फक्त बुडबुडे राहिले की वाट लागते, सुईने फोडून घ्या.

सिरमचं मात्र बघा. एफबीएसमध्ये (पेशी वाढवायला मीडियममध्ये घालतात त्या गाईच्या गर्भाच्या सिरममध्ये) स्वतःचं एलडीएच असतं, 10 टक्के सिरममध्ये केलंत तर बॅकग्राउंडच इतकं वर जातं की छोटा फरक दिसतच नाही. आम्ही पेप्टाइड देताना सिरम-फ्री मीडियम घेतो आणि नुसत्या मीडियमची वेल ठेवतोच ठेवतो. सॅम्पल फ्रीझ करून नंतर बघू असं पण करू नका, एन्झाइम आहे ते, त्याच दिवशी रीड करा.

आता माझी खरी तक्रार. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'पायरोप्टोसिस डिटेक्शन' छापलंय आणि हे बरोबर नाही. एलडीएच पेशी फुटली की बाहेर येतं, मग ती गॅसडर्मिनने फुटो नाहीतर एमएलकेएल या दुसऱ्या प्रोटीनने. जिवंत इन्फ्लुएन्झा व्हायरस असेल तर पेशीतलं झेडबीपी1 प्रोटीन त्याचा झेड-आरएनए (उलट्या पिळाचा आरएनए) ओळखतं, तिथून आरआयपीके3 हे एन्झाइम, पुढे एमएलकेएल आणि नेक्रोप्टोसिस, म्हणजे पेशी फुटून मरण्याचा वेगळा रस्ता, एकाच वेळी दोन्ही रस्ते चालू असू शकतात आणि किटमध्ये रंग तोच लाल! उलटही होतं, मीडियममध्ये ग्लायसीन हे अमिनो आम्ल घातलं तर भोकं पडतात, आयएल-1 बीटा बाहेर येतं, पण पेशी फुटत नाही म्हणून एलडीएच जवळजवळ येतच नाही, म्हणजे किट म्हणणार काही झालंच नाही. नवीन मुलं बॉक्सवरचं वाचून थेट थिसिसमध्ये पायरोप्टोसिस लिहितात, याचं मला वाईट वाटतं.

त्यामुळे सोबत गॅसडर्मिन डी चा वेस्टर्न (आकारानुसार प्रोटीन दाखवणारी टेस्ट) कराच, 30 किलोडाल्टनच्या आसपास कापलेला तुकडा दिसला पाहिजे, आयएल-1 बीटा किती आलं ते मोजायला एलायझा करा आणि एनएलआरपी3 रोखणारं एमसीसी950 देऊन सिग्नल खाली येतो का ते बघा.

पाचपैकी साडेतीन स्टार. लायसिस बफर (पेशी मुद्दाम फोडायचं द्रावण) फार कमी देतात, प्रत्येक प्लेटला मॅक्झिमम कंट्रोल, म्हणजे सगळ्या पेशी फोडलेली वेल, लावायचा तर ते रिएजंटच्या आधीच संपतं, ऑर्डर देतानाच जास्तीची बाटली मागून घ्या.