डाइसवेअर: पासवर्ड सुचवायचं काम यंत्राकडे दिलं ते बरं

पतसंस्थेचे संगणक सांभाळणाऱ्या बाईला एक गोष्ट लवकर कळते. लोकांना पासवर्ड 'सुचवा' म्हटलं की कुलदैवत, मुलाचं नाव आणि जन्मसाल, यापुढे गाडी सरकत नाही. नियम कडक केले तर त्याच नावामागे ॲट आणि १२३ येतं. म्हणून आमच्या लॅपटॉपच्या डिस्क एनक्रिप्ट करायच्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नयेत अशा करायच्या ठरल्या तेव्हा सुचण्याची भानगडच नको म्हटलं आणि डाइसवेअर ही पायथन भाषेत लिहिलेली, शब्दांचे पासवर्ड बनवून देणारी छोटी कमांड घेतली.

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ॲप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडने बसते, वापरायला इंटरनेट लागत नाही. कमांडचं नाव टाइप करून एंटर मारलं की सहा इंग्रजी शब्द समोर. ते येतात इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या २०१६च्या यादीतून. यादीत शब्द ७,७७६, कारण पाच फाशांची दानं तेवढीच आणि दर दानाला एक शब्द. मूळ पद्धत अर्नल्ड राइनहोल्ड यांची, १९९५ची. त्यात फासे खरोखर टाकायचे. संगणकावर विश्वास नसेल तर इथेही तसा पर्याय आहे: फासे तुम्ही टाका, आकडे कमांडला सांगा. पासवर्ड ओळखणं किती अवघड ते बिटांत मोजतात, एक बिट वाढला की शक्यता दुप्पट. एका शब्दाचे साधारण १२.९ बिट, सहांचे ७७. यादी चोराकडे आहे असं धरूनच हा हिशेब आहे, त्यामुळे ती जगजाहीर असल्याची काळजी नको.

पटत नाही ते मूळ सेटिंग. सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल. फोनवर टाइप करताना जीव जातो. होम फोल्डरमध्ये डॉट डाइसवेअर डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल करून मी कॅपिटल बंद केले आणि मध्ये हायफन टाकले.

ऑस्ट्रिच, योगर्ट, कॅक्टस असले शब्द शेजारी आले की आमच्या कॅशियर मावशी लगेच गोष्ट रचतात: शहामृगाने दही खाल्लं वगैरे. पाठ होतं. मात्र आवडेपर्यंत एंटर मारत बसू नये. आठांतून एक निवडलात तर फार तर ३ बिट जातात, तेवढं चालेल; शब्द स्वतः बदलायला लागलात की हिशेबच राहत नाही.

मराठी यादी सोबत येत नाही, स्वतःची फाइल देता येते. देवनागरी यादी द्यायचा मोह मलाही झाला, पण डिस्कचा पासवर्ड बूट होतानाच विचारतात, तिथे मराठी कीबोर्ड कुठला? शिवाय यूटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइटचं. पासवर्ड जपून ठेवायची बीक्रिप्ट ही पद्धत वापरणाऱ्या प्रणाली सहसा ७२ बाइटपर्यंतच पाहतात, म्हणजे २४ चिन्हांत खेळ संपला. रोमनमध्ये लिहावं तर 'पाऊस'चं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. इंग्रजी यादीच बरी. अवघड स्पेलिंगचे शब्द त्यातून मुद्दाम वगळलेत.

एक सांभाळा: आलेले शब्द कमांडच्या हिस्ट्रीत जात नाहीत, पण टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करतो त्या खिडकीत, वर स्क्रोल केलं की दिसतात. खिडकी बंद करा.

डिस्क आणि बाकीचे पासवर्ड बनवून जपणाऱ्या पासवर्ड मॅनेजरची मुख्य किल्ली, एवढ्यासाठीच मी ही कमांड वापरते. सहा शब्दांची चाळीसेक अक्षरं होतात आणि पंधरा-सोळा अक्षरांच्या वर घेतच नाहीत अशा साइट अजून आहेत. तिथलं मॅनेजर बघेल.