माहीमचं निसर्ग उद्यान: लेकीला घेऊन नक्की जा

सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावी डेपोच्या समोर. मी कित्येक वर्षं बसमधून ती हिरवी भिंत बघत होते पण आत पाऊल टाकलं ते ह्या रविवारी, आणि खरंच हळहळ वाटली की इतकी वर्षं का नाही आलो आपण. ३७ एकर जागा, मिठी नदीच्या काठाला लागून, आणि हे सगळं आधी डम्पिंग ग्राउंड होतं बरं का! कचऱ्यावर माती टाकून, झाडं लावून जगवली आणि १९९४ ला लोकांसाठी खुलं केलं. आता आत गेलात की ट्रॅफिकचा आवाज दबतो, पायाखाली पाचोळा.

लेक लिंबाच्या रोपाजवळ थांबली, म्हणाली आई ह्या पानावर पक्ष्याची शी पडलीय. तिथले माळीदादा हातातलं काम सोडून आले, पान अलगद उलटं केलं न म्हणाले, "बाळा, शी नाही, अळी आहे, हात नको लावू, हिचं फुलपाखरू होणारे." आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन पण अंडी लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडांवरच घालतं, ते घरी येऊन तिला दाखवलं.

मागे आमच्या भागात एका संस्थेने फोटो काढून रोपं लावली होती, मे महिन्यात सगळी वाळून गेली, पाणी घालायला कोणी फिरकलंच नाही. म्हणून त्या माळीदादांना मनापासून पाच स्टार.

अंगभर कपडे घाला, डास असतात. सकाळी लवकर जा.