कॅम्परचं वजन विचारा, आणि ते काट्यावरच मोजून घ्या

विक्रेत्याने आम्हाला कॅम्परमधलं, म्हणजे पिकअपवर बसवायच्या खोलीतलं, सगळं दाखवलं. पलंग, बेसिन, शेगडी, छतावरचं सोलर पॅनल, उशाशी लावलेले दिवे. वजन मात्र शेवटपर्यंत कळू दिलं नाही, आणि ते कळू नये म्हणून त्याने जे जे केलं तीच ही फसवणूक. निवृत्तीचे पैसे हातात आलेली आणि गाडीतच मुक्काम करत देश बघायचं ठरवलेली आमच्यासारखी जोडपी पुण्यात आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची छोटी खोली. नको असेल तेव्हा ती जॅकवर उचलून काढून ठेवायची आणि पिकअप एरवीसारखी वापरायची. आम्हाला हेच हवं होतं, कारण पूर्ण कॅरावॅन कोथरूडच्या सोसायटीत लावायला जागा नाही. शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये तयार नमुना बघायला गेलो. मालक तरुण, बोलायला गोड. "काकू, हत्ती बसवला तरी गाडी हलायची नाही," म्हणाला. खरोखरच हलली नाही. आम्ही आत चढलो, उड्या मारून पाहिल्या, सगळं भक्कम.

हा नमुना पिवळ्या पाटीच्या मालवाहू पिकअपवर बसवलेला होता. अशा गाड्या दीड टनाच्या आसपास माल सहज नेतात. आम्हाला मात्र त्याने सुचवली पाच सीटांची डबल कॅब, पांढऱ्या पाटीची, वापरलेली. "तुम्हाला मालगाडी शोभणार नाही, आणि माझ्या ओळखीत एक छान गाडी आहे." ऐकायला आपुलकीचा वाटणारा हा सल्लाच सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. डबल कॅबमध्ये माणसांची जागा वाढते आणि हौदा आखूड होतो, साधारण पाच फुटांचा. वजन पेलण्याची क्षमताही मालवाहू गाडीच्या मानाने फारच कमी असते. अमेरिकेत, जिथे हे कॅम्पर रुळले, तिथे बहुतेक कॅम्पर साडेसहा ते आठ फुटी हौद्यांसाठी बनवतात. तोच खोका आपल्याकडच्या डबल कॅबवर ठेवला की मागे लटकतो, भार मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे जातो आणि पुढची चाकं हलकी पडतात.

गाडी किती पेलेल हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. आरसीवर आणि कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीची सगळी ऐपत, आणि माणसंही त्यातच धरायची. त्याने सुचवलेली जी गाडी आम्ही घेतली, तिच्यात हा फरक 500 किलोंच्या आत होता. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं, कॅम्पर 280 किलो, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, हनीकोंब पॅनल (मधाच्या पोळ्यासारखं आतून पोकळ, म्हणून हलकं). या हिशोबाने दोन माणसं, पाणी, सामान सगळं बसत होतं.

वजन करून द्या, असं ह्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. एकदा वजनकाटा बंद होता, एकदा ऑपरेटर नव्हता. शेवटी ठरलेल्या दिवसाआधीच, रविवारी संध्याकाळी, तो कॅम्पर बसवूनच गाडी आमच्या दारात घेऊन आला. सोसायटीतली मुलं भोवती जमली, पेढे वाटले गेले. त्या आनंदात काट्याचा विषय पुन्हा निघणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

जेजुरीहून परत येताना दिवे घाटाच्या उतारावर ब्रेकचा जळका वास येऊ लागला. त्याआधीच सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलकं लागत होतं आणि हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जात होते, म्हणजे गाडी मागे बसली होती. घाट उतरून आम्ही फुरसुंगीजवळच्या एका वजनकाट्यावर थेट गाडी घातली. नंतर कॅम्पर उतरवून पुन्हा वजन केलं. पाण्याची टाकी रिकामी असताना नुसता कॅम्पर 610 किलो भरला. त्यात 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो, आम्ही दोघं, गॅस, भांडी, अंथरूण-पांघरूण. गाडीच्या ऐपतीच्या जवळजवळ दुप्पट ओझं घेऊन आम्ही घाट उतरलो होतो. तो काटा पाहिल्यावर माझे हात थरथरत होते. पैशांचं नंतर सुचलं. आधी मनात आलं, पुढच्या महिन्यात नातवंडांना घेऊन आंबेनळी घाटाने महाबळेश्वरहून कोकणात उतरणार होतो.

भाच्याने फ्रिजवरचं साधं लोहचुंबक आणून फ्रेमला लावलं. चिकटलं. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, आतून सगळी लोखंडी चौकोनी पाइप होती. आतल्या पत्र्यामागे हनीकोंब नव्हतं, 12 मिलिमीटरचं प्लायवूड होतं. त्याची आठ बाय चारची एक शीट वीस-पंचवीस किलोंची असते, अशा किती लागल्या असतील याचा अंदाज करा. बॅटरीसुद्धा लिथियमची ठरली होती. निघाली घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर, पन्नास किलोंच्या पुढची. लिथियमची 100 अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी एका हाताने उचलता येते.

फोन केला तर म्हणाला, "काका, स्प्रिंगचे पाटे वाढवून देतो, क्षमता वाढेल." हेही खोटं. जादा पाटा घातला की गाडीची मागची बाजू उचलली जाते, पण ब्रेक, अ‍ॅक्सल आणि टायर तेच राहतात आणि आरसीवरचा आकडा बदलत नाही. त्या आकड्यापेक्षा जास्त वजन नेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 113 चा भंग आहे. कलम 194 प्रमाणे दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळंच.

कागदांचा खेळ तर आणखी वाईट. त्याने 'एआरएआयचा रिपोर्ट' म्हणून एक झेरॉक्स दिली होती. एआरएआय म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवरची वाहनांची चाचणी संस्था. पुणेकराला ते नाव दिसलं की विश्वास बसतो आणि त्याचाच फायदा घेतला गेला. वकिलांनी नीट वाचलं तर तो अहवाल खिडकीच्या काचेचा होता, कॅम्परचा त्यात उल्लेखही नाही. परवानगीचं विचारलं तेव्हा "हे सामान आहे, आरटीओ लागत नाही" आणि "राज्याचं 2021 चं कॅरावॅन धोरण आहेच" अशी दोन उत्तरं मिळाली होती. ते धोरण पर्यटन व्यवसायासाठी आहे, कोणाच्याही वर्कशॉपला त्यातून मान्यता मिळत नाही. कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची मनाई आहे, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं. कॅम्पर बसवताना त्याने हौद्याचा मागचा दरवाजा कापून टाकला होता. म्हणजे 'सामान' हा बचावही त्याला लागू पडत नाही.

पिकअपचं थोडक्यात सांगते. मीटरवर 62,000 किलोमीटर. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींत त्याच्या दोन वर्षं आधीच 1,40,000 च्या पुढे. टोकन देण्याआधी ही नोंद मागा, आणि आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर पाहा.

पावतीकडे खास लक्ष द्या. आमच्या पावतीवर 'टप (म्हणजे गाडीवरचं छत) दुरुस्ती व फॅब्रिकेशन काम' एवढंच आहे. कॅम्पर हा शब्द नाही, वजन नाही, साहित्य नाही. काही रक्कम रोख द्या म्हणून तो मागे लागला होता, पण ह्यांनी सगळे पैसे बँकेतूनच दिले. त्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा '280 किलो' आणि काट्याच्या पावत्या, एवढ्यावर आमची बाजू उभी आहे. फोनवरचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे फोन बदलू नका आणि काही पुसू नका.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल झाली आहे. 50 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तिथे जाते, राहत्या ठिकाणच्या आयोगात करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. नोटीस गेल्यावर विक्रेत्याचा माणूस घरी आला. साठ टक्के परत देतो, 'तक्रार नाही' एवढं लिहून द्या, म्हणाला. आम्ही दिलं नाही, कारण तोच नमुना, त्याच पिवळ्या पाटीच्या गाडीवर, आता दुसऱ्या नावाने विकायला ठेवला आहे. फोटोत खिडकीखालचा ओरखडासुद्धा तोच आहे. 'टप दुरुस्ती' लिहिलेली पावती किंवा काचेचा चाचणी अहवाल तुमच्या हातात असेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 खाली आयोगाच्या परवानगीने आपल्याला एकत्र तक्रार चालवता येते. पावती जपून ठेवा आणि कॅम्पर उतरवायच्या आधी गाडीचं वजन करून घ्या.