टिमोलॉल ०.५ टक्के: दाबाला उतारा, पण दमेकऱ्यांनी लांब राहावं

काचबिंदूवरचे हे थेंब मुंबईत चिठ्ठी दाखवली की सहज मिळतात, खिशालाही जड नाहीत. डोळ्यातला दाब चांगला उतरवतात. पण औषध डोळ्यातच राहत नाही. अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून थेट रक्तात जातं, मग श्वासनळ्या आकसतात आणि नाडी मंदावते. म्हणून दमा, मंद नाडी किंवा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या ठोक्याचे विद्युत संदेश अडखळणं) असेल तर नकोच. मधुमेहात साखर उतरल्याचा इशारा देणारी धडधडही झाकली जाते.

खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा २ मिनिटं दाबायचा. डोळ्यातलं दुसरं औषध ५ मिनिटांनी. बाटली मात्र वैतागवाणी: जरा जास्त दाबली की ओघळ गालावर. धावत्या लोकलमध्ये तर घालूच नका, टोक पापणीला लागतं. उघडल्याची तारीख लेबलावर लिहा. ४ आठवड्यांनी उरलेलं फेकायचं.